व्हर्नाच्या वयाची ओळ

२५ ऑगस्ट
आजपासून कम्युनिटी कॉलेज. वीस वर्षं डी मॉइन शहरात पावाची व्हॅन चालवली, बास झालं. आता अ‍ॅक्च्युअरी होणार, म्हणजे विमा कंपनीत बसून माणसं किती जगतात याचा हिशेब करणारा. निर्णय निव्वळ करिअरचा. व्हर्ना मार्चपासून नाही, त्याच्याशी काही संबंध नाही. बायको घरात नसली की माणसाला वेळ मिळतो, इतकंच.
प्रवेश चाचणीनंतर कॉम्प्युटरने मला शाळकरी बीजगणितात टाकलं. कॉम्प्युटर जुना दिसतो.

२ सप्टेंबर
रोज दोन तास अभ्यास, ठरलं. अ‍ॅक्च्युअरीची पहिली परीक्षा मेच्या आत उरकून टाकतो. लोक म्हणे वर्षानुवर्षं देत बसतात.
आज अभ्यास झाला नाही. स्वयंपाकघरातून व्हर्ना ओरडली, टीव्ही बारीक कर. केला. मग आठवलं. मग बसवेना. उद्यापासून तीन तास.

१९ सप्टेंबर
चाचणी. गुण लिहिण्यात अर्थ नाही. शेजारी सनेला बसते, बॉस्नियन घरातली कॉलेजवयीन पोर. म्हणाली, काका, कंसाबाहेरचा वजा आत सगळ्यांना लागतो, एकट्या पहिल्याला नाही. मी म्हणालो, माहीत आहे, तुझी परीक्षा घेत होतो. तर म्हणते, मग मी पास का?
चुणचुणीत आहे. कंपनीत लागलो की हाताखाली घेईन.

७ ऑक्टोबर
लायब्ररीत मृत्युदराचा तक्ता मिळाला. डॉक्टर त्या दिवशी म्हणाले होते, या वयात असं फार क्वचित होतं. क्वचित म्हणजे किती, हे करिअरच्या दृष्टीने कळायला हवं. बायका, वय एकोणपन्नास. आकडा इतका बारीक की चष्मा पुसून पुन्हा पाहिला. एवढ्याशा आकड्याने माणूस जातो? छापताना चूक झाली असणार.
मागे कोणीतरी उभं होतं. व्हर्नाच्या हाताच्या क्रीमचा वास. मी वळलो नाही. वळलं की जाते.

८ ऑक्टोबर
बीजगणिताच्या ओकरलंड बाईंना तक्ता दाखवला, चूक दुरुस्त करून, त्या आकड्याच्या जागी शून्य लिहून. माझ्या हिशेबाने या वयाच्या बाईला काही होऊच शकत नाही. बाईंनी छापलेल्या आकड्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, मर्ल, छापलेला आकडा बरोबर आहे. शून्य नाहीये ना, म्हणजे त्यात कोणीतरी आहेच. मग हळूच विचारलं, कोण होतं? मी म्हणालो, शेजारीण.
बाईंना विम्यातलं फारसं कळत नाही.

२१ ऑक्टोबर
हल्ली कॉलेजला जात नाही. घरी एकाग्रता होते. त्यासाठीच फोनही बंद ठेवलाय. जिन्यावर पावलं वाजत असतात. त्यांची भीती वाटत नाही. थांबली की वाटते.

३ नोव्हेंबर
सकाळी व्हर्नाचा फोन वाजला. तो मी चार्जिंगला लावून ठेवतो, बॅटरी खराब होऊ नये म्हणून. कॉलेजच्या ऑफिसातली बाई होती. मी वर्गात दिसत नाही, माझा फोन लागत नाही, म्हणून प्रवेश अर्जात मी तातडीसाठी दिलेल्या नंबरवर फोन केला, असं म्हणाली. मिसेस टेटम आहेत का? मी म्हणालो, नाहीत. तिने विचारलं, परत कधी येतील?
मी चार्जरची वायर काढली, पुन्हा लावली. मग म्हणालो, वारली. मार्चमध्ये. हा शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला आणि घर एकदम रिकामं झालं. फार वाईट वाटलं.
बाई सॉरी म्हणाली, अगदी मनापासून. मग विचारलं, त्यांच्या जागी दुसरं कोणाचं नाव घालू? सनेलाचं सांगणार होतो, पण तिचं आडनाव मला माहीत नाही.
म्हणालो, राहू दे तेच.