भिंतीला भिंत

बाबा, मी चंद्रपुरात किल्ल्याच्या आतलं घर घेते आहे. तुम्हांला ते पटलं नसतं हे माहीत असून घेते आहे, म्हणून सगळ्यांत आधी तेच लिहिलं. परवा इसारपत्रावर सही करायची आहे. मूल रोडवरच्या फाटकबंद कॉलनीतला कोपऱ्याचा बंगला मी काल नाकारला. तो बंगला नेमका त्या जमिनीवर उभा आहे, जी तुम्ही भूमापनाच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मोजली होती. मी तेव्हा कॉलेजात होते आणि तुम्ही मुद्दाम स्कूटरवर बसवून मला तिथे नेलं होतं. कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, आणि त्यांत चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारून पाडलेले प्लॉट. एका रेघेवर उभं राहून तुम्ही म्हणालात, "नोकरी लागली का इथी घर घेजो. चारी बाजूनं मोकळं. कोनाच्या भिंतीले भिंत नाई." मी विचारलं, "भिंतीले भिंत असली त काय होते?" तुम्ही वर आभाळाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "ऊन वाढून राह्यलं, चाल." तुम्ही गेलात त्याला एकोणीस वर्षं झाली. तो प्रश्न तिथेच राहिला.

कॉलनीला नावं ठेवायला मी बसलेली नाही. आम्ही दोघं तीनदा जाऊन आलो. रस्ते रुंद आहेत, पाणी चोवीस तास आहे, आणि जंगल जवळ असल्यामुळे बाहेरच्या भिंतीवर तार लावली आहे. माझ्या कॉलेजातली एक सहकारी तिथे राहते. आपल्यासारखंच बौद्ध घर आहे तिचं, दारावर पंचशीलाचा झेंडा आहे, आणि आजवर तिला कोणी काही विचारलेलं नाही. हे खरं आहे आणि मला त्याचा आनंद आहे. घर दाखवणारा तरुण उत्साहाने बोलत होता. "बिबट सोडा मॅडम, डुक्करही आत येत नाही. आणि शेजाऱ्यांचा तर त्रासच नाही. वर्ष-वर्ष एकमेकांचं तोंड दिसत नाही इथे." ह्यांनी हसून मान डोलावली. मी घरी येऊन ते वाक्य जसंच्या तसं डायरीत लिहिलं, कारण तो गुण म्हणून सांगत होता आणि मला ते खटकलं होतं. मग मला माझाच संशय आला. ज्यांना आयुष्यभर शेजाऱ्यांनी छळलं त्यांना हा गुण वाटणारच. मला तो दोष वाटतो, कारण मला तेवढं सोसावं लागलं नाही. तुम्ही सोसलंत. असं असताना तुमचा सल्ला मोडायचा अधिकार मला कुठून आला, हे मी चार दिवस स्वतःला विचारत होते.

आतलं घर साधं आहे. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे विहीर आणि सीताफळाचं झाड. गच्चीवर गेलं की गल्लीपलीकडे किल्ल्याची भिंत दिसते, तिच्या फटींतून पिंपळ उगवलेले. भिंत जवळ असल्यामुळे एक वीट वाढवायची तरी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागेल. गाडी गल्लीत वळत नाही. आमचे हे म्हणाले, "गाडी जटपुरा गेटाबाहेर ठेवू अन् आपन पायी येऊ काय? किल्ल्यात राहाची हौस आली तुले. रानी होशीन काय?" मी म्हटलं, "रानी नाई, शेजारीन होईन." तेव्हा ते थट्टेतच घेतलं गेलं, माझ्याकडूनसुद्धा. दोन दिवसांनी दलालाने कागदांची फाइल दिली. तीत जुन्या मोजणीच्या नकाशाची नक्कल होती. घराची डावी भिंत, पलीकडच्या घराला लागून असलेली, जाड रेघेने दाखवलेली. खाली कोपऱ्यात 'मोजणी करणार' असं छापलेलं, आणि त्यापुढे तुमची सही. शेवटचं अक्षर खाली ओढलेली ती सही मी शाळेच्या प्रगतिपुस्तकावर इतकी वर्षं पाहिली होती. मी कॉलेजच्या ग्रंथालयात, माझ्या टेबलाशी बसले होते. समोर एक विद्यार्थिनी पुस्तक बदलायला उभी होती. "मॅडम, तब्येत बरी नाई काय?" तिने विचारलं.

मग तो दिवस सगळाच परत आला. मी दहा वर्षांची आहे. आई माहेरी गेली आहे, म्हणून गडचिरोलीच्या क्वार्टरला कुलूप लावून तुम्ही मला बसने चंद्रपूरला आणलं आहे. मे महिना. दोन घरांमधली भिंत कोणाची यावरून तंटा आहे आणि तुम्ही मोजायला आला आहात. मी लाल-पांढरी झेंडी धरून उभी राहते, तुम्ही साखळी ताणायला सांगता, वहीत पेन्सिलीने आकडा लिहिता. दुपारी तुम्ही पलीकडच्या घरी पाणी मागता. मी तिथे येते तेव्हा त्या घरची सून तांब्या उंच धरून उभी आहे, तुम्ही ओट्याखाली वाकलेले, आणि ती वरून तुमच्या ओंजळीत पाणी ओतते आहे. मागे दारात तिची सासू उभी. तुमच्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या आहेत. तुम्ही सरळ होता, तोंड पुसता, आणि म्हणता, "चाला, आता मांगची बाजू घेऊ."

मोजणीत भिंत त्याच घराची निघाली. ओंजळीत पाणी ओतणाऱ्यांची. या बाजूचा मालक आरडाओरडा करू लागला, "साहेब, त्याहीनं तुम्हाले काय चारलं?" तुम्ही म्हणालात, "पानी पाजलं," आणि वही बंद केलीत. त्या आठवड्यात तुम्ही क्वार्टरच्या व्हरांड्यात नकाशाची स्वच्छ प्रत काढत होतात आणि वही उघडी पडली होती. मी खोडरबर घेतलं आणि ती भिंतीची नोंद पुसायला लागले. तुम्ही माझं मनगट धरलंत. कधी हात न लावणारे तुम्ही, तेव्हा इतकं घट्ट धरलंत की वळ उठला. "खोडाचं नाई, माय. चुकलं त एक रेघ माराची, खालचं वाचता आलं पाह्यजे. अन् हे त चुकलंच नाई." मी रडले. मला वाटलं होतं, मी तुमच्या बाजूने भांडते आहे.

मागच्या रविवारी मी एकटीच पलीकडच्या घरी गेले. ती सून आता सत्तरीकडे आलेली, घरात एकटी. खाटेवर मोहरी निवडत बसली होती. "घर पाहाले आल्या काय बाई? या ना, बसा." तिने स्टीलच्या ग्लासात पाणी आणलं. मी तो हातात धरून बसले. घर घेण्याआधी भिंतीचं विचारून घ्यावं म्हणून मी विषय काढला, तर ती म्हणाली, "भिंत आमचीच हाये. मांगं मोजनी झाली होती. लय खरा मानूस होता तो मोजनीवाला. समोरच्यानं किती बोंब मारली, पन त्यानं इकडची रेघ तिकडे नाई केली." तिला भिंत आठवत होती, रेघ आठवत होती. पाण्याचं तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. लपवत होती असंही मला वाटलं नाही. ती ते विसरली होती.

मी म्हटलं, "ते माझे वडील."

मोहरीतला तिचा हात थांबला. "मंग तुमी कोन्त्या गावचे?" हा प्रश्न कशासाठी असतो हे तुम्हांला सांगायला नको. मी गाव सांगितलं, आणि ती पुढचं विचारेल याची वाट न पाहता मीच म्हटलं, "बौद्ध आहोत आम्ही." आवाज जरा चढाच लागला. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या ग्लासाकडे पाहिलं, मग सूप मांडीवरून खाली ठेवलं. म्हणाली, "त्या भिंतीले खिळा ठोकाचा असन त आधी सांगजो. माह्या डोक्याशी येते. अन् दुपारच्याला नको बाप्पा, मी झोपतो." तिने माफी मागितली नाही. मी सांगीन म्हटलं, ग्लासातलं सगळं पाणी प्यायले आणि उठले.

बाबा, तुम्हांला वाटेल मी सूड म्हणून घेते आहे. मीही स्वतःला तेच विचारलं. थोडा असेल. त्या गल्लीत माझ्या नावाची पाटी लागेल याची मला खुशी आहे, आणि ती खुशी फार निर्मळ नाही. पण सुडासाठी एवढ्या पायऱ्या आणि गाडी ठेवायची एवढी कटकट कोणी विकत घेत नाही. तुम्ही मला मोकळी जागा दाखवलीत, कारण तिथे कोणी काही विचारणार नव्हतं. इथे लोक विचारतील तर विचारू देत. मी उत्तर देईन, आणि उत्तर दिल्यावर पलीकडे जे कोणी असेल त्याच्या डोक्याशी खिळा ठोकीन, आधी सांगून. गावाच्या मधोमध असलेली चांगली जागा त्यांच्यासाठी सोडून कडेच्या मोकळ्या जागेत जायचं आणि त्याला निवड म्हणायचं, हे मला जमणार नाही. तुम्ही भिंत त्यांची लिहिलीत ती बरोबर लिहिलीत. भिंत त्यांचीच राहू दे. तिच्या अलीकडचं घर माझं. आमचे हे काल रात्री म्हणाले, "ठीक हाये, पन पाटीवर माहं बी नाव टाकजो." टाकणार आहे. खाली.

हे पत्र मी तुमच्या नकाशाच्या घडीत ठेवते आहे. पण एक नोंद राहिली आहे आणि ती खोडून चालणार नाही. त्या दिवशी तुम्ही पुढच्या बाजूचे आकडे वहीत लिहीत होतात, तेव्हा त्या घरातली माझ्याच वयाची मुलगी मला मांजरीची पिल्लं दाखवायला आत घेऊन गेली होती. ती पिल्लं स्वयंपाकघरात, चुलीमागच्या टोपलीत होती. तिने मला माठातलं पाणी दिलं, कोणाच्या तरी लग्नात मिळालेल्या, नाव कोरलेल्या ग्लासात. तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. दोन ग्लास प्यायले आणि बाहेर आले, तर तुम्ही वाकलेले. परत जाताना गेटाजवळच्या गाड्यावर तुम्ही म्हणालात, "दिवसभर पानी नाई पेली माही पोरगी," आणि मला उसाचा रस पाजलात. स्वतःसाठी घेतला नाहीत. मी हो म्हटलं आणि सगळा संपवला. मला तहान नव्हती, बाबा.