आडवं झाड आणि मध्यम ट्रॅक्टर

५ फेब्रुवारी
कालच्या वादळात वाटेवर झाड पडलं. सडकेपासून घरापर्यंत ही एकच वाट, दोन्ही बाजूंना रान, आणि बरोब्बर मधोमध हे आडवं. मोटार आत, जग बाहेर. ही खिडकीतून बघत म्हणाली, झालं. मी म्हटलं, झालं नाही, आता सुरू झालं. रिटायर होऊन इथे आलो तेव्हापासून ट्रॅक्टर घ्यायचं मनात होतंच. निमित्त हवं होतं.

संकल्प : महिन्याभरात ट्रॅक्टर. झाड ओढायला, वाट राखायला, लाकडं वाहायला. मध्यम आकाराचा. लहान म्हणजे खेळणं, आणि मोठा झाडांत फिरणार कसा? हे उभ्या उभ्या ठरलं. निर्णयशक्ती अजून शाबूत आहे.

६ फेब्रुवारी
पद्धत ठरवली. उभी हयात खरेदी खात्यात गेली. तिथे टाचणीसुद्धा तीन कोटेशनांशिवाय आत आली नाही, तर ट्रॅक्टर कसा येईल? मी खरेदी खातं, ही युजर डिपार्टमेंट. तिला गरज लेखी मागितली. तिने तोंडी दिली. मार्चअखेर लेकीची तारीख आहे, पहिलं बाळंतपण आहे, त्याआधी मला गाडी बाहेर काढता आली पाहिजे. माझा गुडघा सामानासकट त्या झाडावरून जाणार नाही. बाकी तुम्ही ट्रॅक्टर घ्या नाहीतर हत्ती घ्या.

हत्तीचा विचार केलेला नाही. युजरला नेमकं सांगता येत नाही, हा जुनाच अनुभव.

९ फेब्रुवारी
सडकेपलीकडचे डॉक्टर आले. दातांचे. दवाखाना बंद केला तरी उपटायची हौस गेलेली नाही. त्यांच्याकडे एक म्हातारा ट्रॅक्टर आहे, सुरू करताना खोकतो, थांबवताना थांबत नाही. म्हणाले, दोर बांधतो आणि ओढतो, दाढेसारखं असतं, एकदा हललं की निघालंच. ही लगेच दोर शोधायला उठली.

मी नम्रपणे नकार दिला. एकदा झाड निघालं की गरज सिद्ध होत नाही, आणि गरजच नाही तर खरेदी कशाची? डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. बहुधा दातांकडे. हिने त्यांना चहा दिला, मला विचारला नाही.

१२ फेब्रुवारी
झाडाच्या दोन्ही बाजूंना विटा रचून पायऱ्या केल्या. आता वाण्याकडून पिशवी घेऊन सहज येता येतं. गॅसचा सिलिंडर मात्र पायरी मानत नाही. तो पलीकडे गडगडत सडकेपर्यंत परत गेला. मी मागून धावलो. व्यायाम झाला.

ही म्हणाली, पायऱ्या कशाला, कठडा पण लावा, कमान पण करा. सूचना विचारार्थ ठेवली आहे.

१७ फेब्रुवारी
बसने शोरूमला गेलो. सेल्समन काका-काका करत पुढे आला. किती हॉर्सपॉवर, म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही सांगा, का ते सांगा, आणि कमी घेतला तर काय बिघडेल तेही सांगा. गिअरचा की पेडलचा? पुढे माती उचलायची बादली बसते का? बसली तर मागे वजन किती लावायचं? वजन लावलं तर ओल्या जमिनीत चाक रुतेल का? तो आत विचारून येतो म्हणाला. पाणी आलं, चहा आला, तो आला नाही.

अभ्यासू गिऱ्हाईक बघायची लोकांना सवयच राहिलेली नाही.

२२ फेब्रुवारी
तुलनात्मक तक्ता सुरू केला. तीन कंपन्या, प्रत्येकीचे दोन मॉडेल. कागद पुरेना म्हणून चार कागद चिकटवले. जेवायचं टेबल पूर्ण व्यापलं. गुण द्यायची पद्धत माझी स्वतःची : ताकद, वळण, आवाज, सीट, स्वभाव. स्वभाव म्हणजे काय, असं हिने विचारलं. ती जाण आतून यावी लागते.

सध्या आम्ही ओट्यापाशी उभ्याने जेवतो. लेकीचा फोन होता. बाबा काय करताहेत, असं तिने विचारलं. ही म्हणाली, टेबल अडवून बसलेत.

२८ फेब्रुवारी
युजर ट्रायल. हिला मोठ्या मिनतवारीने झाडावरून पार केलं. मी पुढून हात धरला, डॉक्टरांनी पलीकडून धीर दिला. गुडघा दुखावला, पण थोडाच. प्रक्रियेत युजरचा सहभाग हवाच.

शोरूममध्ये दोन प्रकार बघितले. एकाला डोक्यावर नुसती लोखंडी कमान, मागे दुमडता येणारी. दुसऱ्याला बंद केबिन, चारी बाजूंनी काच. सेल्समन म्हणाला, काका, झाडांत काम असेल तर केबिन नको, फांद्या लागतात, अडकते. मी केबिनमध्ये बसून दार लावलं. काय ती शांतता! बाहेर सेल्समन हातवारे करत होता, ही काचेवर बोट आपटत काहीतरी म्हणत होती, आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. फार दिवसांनी इतकं समाधान वाटलं.

केबिनला स्वभावाचे पूर्ण गुण.

४ मार्च
आज युजर डिपार्टमेंटचा स्फोट झाला. महिना झाला, म्हणाली. संकल्प महिन्याचा होता. मी समजावलं की फेब्रुवारी मुळात लहान. तेव्हा ती खुर्ची ओढून समोर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, तुम्हाला ट्रॅक्टर नकोय. तुम्हाला मी जायला नकोय. झाड पडलंय ते तुमच्या सोयीनंच पडलंय.

सदर शेरा विषयाला धरून नाही. तक्त्यात त्याला रकाना नाही.

मी एकटा अगदी व्यवस्थित राहू शकतो. भात येतो. अंडं येतं. रान रात्री आवाज करतं, ते कुठलंही रान करतं. ही एकदा दोन दिवस बहिणीकडे गेली होती तेव्हा सगळे दिवे लावून झोपलो होतो, ते वायरिंग तपासायला.

९ मार्च
शेवटच्या फेरीत दोन मॉडेल. दोघांना समान गुण. असं होऊ नये म्हणूनच पद्धत असते, त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून गुण दिले. पुन्हा समान. पद्धत किती अचूक आहे ते यावरून कळतं.

ही दोन्ही माहितीपत्रकं घेऊन गेली आणि एकच परत आणलं. दुसरं कुठाय विचारलं तर म्हणाली, चुलीत. आपल्याकडे चूल नाही. पण एकच उरलं हे खरं. केबिनवालाच उरला, म्हणजे निर्णय माझाच म्हणायचा.

१२ मार्च
ऑर्डर दिली! चाकांमधलं अंतर कमी-जास्त करता येतं म्हणे. मी जास्तीत जास्त ठेवायला सांगितलं. उतारावर कलंडायला नको. सेल्समनने विचारलं, काका, वाट किती रुंद आहे? मी जागेचा मंजूर नकाशा काढून दाखवला. बारा फूट. सही-शिक्क्यासह.

घरी हिला सांगितलं. ती म्हणाली, टेप लावून बघा की एकदा, वळणावर ती दोन जुळी झाडं आहेत ना, तिथे आपली गाडीसुद्धा मी आरसे मिटून काढते. मी नकाशा पुन्हा पुढे केला. ती म्हणाली, नकाशा जुना आहे, झाडं वाढतात. शिक्का मारलेला कागद आणि बायको यांत कागदावर विश्वास ठेवायचा, हे तीस-बत्तीस वर्षांत अंगात मुरलं आहे.

१६ मार्च
परवा डिलिव्हरी. उद्घाटनाचा कार्यक्रम : मी सडकेवरून ट्रॅक्टर आणणार, साखळी बांधणार, झाड ओढणार, ही बघणार. हिची बॅग भरून दाराशी ठेवलेली आहे. येता-जाता ठेच लागते. बॅगेला नव्हे, मला.

परत कधी येणार, असं मी सहज विचारलं. ती म्हणाली, बघू. बघू म्हणजे किती? आमच्या खात्यात बघू म्हणजे कधीच नाही.

१८ मार्च, सकाळी
पहाटे लेकीचा फोन. कळा लवकर सुरू झाल्यात. जावई घाबरलेला. ही म्हणाली, मी निघते. मी म्हटलं, थांब, आजच डिलिव्हरी आहे, तासा-दोन तासांत झाड बाजूला करतो. तिने फोन लावला. बहुधा लेकीला कळवत असावी.

मी सडकेवर निघालो. इस्त्रीचा शर्ट घातला आहे.

१८ मार्च, केबिनमधून
शांतपणे नोंद करतो.

ट्रॅक्टर आला. पुढच्या फाट्यावर जाऊन ट्रकवरून उतरवून घेतला, लाल, चकचकीत, माझ्या नावाचा. मी आत बसलो, दार लावलं, वाटेला लागलो. डॉक्टर त्यांच्या खोकणाऱ्या ट्रॅक्टरवर बसून वाटेतूनच बाहेर आले आणि हात हलवून काहीतरी ओरडले. ऐकू आलं नाही. मीही हात हलवला. ते आतून कसे येत होते, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही.

झाड नव्हतं. झाडाच्या जागी ओढल्याची माती, माझ्या विटांच्या दोन पायऱ्या आणि त्यांच्यामध्ये काहीच नाही. म्हणजे सकाळचा फोन लेकीला नव्हता. पुढे वळणापलीकडून आमची मोटार येत होती. ही चालवत होती, मागच्या सीटवर बॅग. महिना-दीड महिन्याने मोटार हलली होती. मी तिला थांबायची खूण केली, कारण दोघांपैकी एकालाच आधी जाता येणार, आणि नव्या गाडीचा मान पहिला. जुळ्या झाडांमधून पुढे घेतलं.

नकाशा बारा फूट म्हणतो. झाडं तसं म्हणत नाहीत.

पुढची चाकं गेली. मागची गेली नाहीत. रिव्हर्स टाकला तर वरून एक फांदी केबिनच्या मागे उतरली आणि तिथेच बसली. डावं दार डाव्या झाडाला टेकलंय, उजवं उजव्याला. दोन्ही बाहेर उघडतात, म्हणजे उघडत नाहीत. मागची काच उघडते. तीही मध्यम आकाराची आहे. मीही आहे, पण कागदावर.

ही मोटारीतून उतरली. समोर येऊन उभी राहिली. रडेल असं वाटलं. मग वाटलं, हसेल. तिने काच वाजवली, मी जेवढी उघडत होती तेवढी उघडली. ती म्हणाली, झाड होतं तेव्हा ओलांडता तरी येत होतं.

मोटार बंद करून, बॅग उचलून ती बाजूच्या काट्यांतून निघाली. शाल अडकली, ती तशीच सोडली. मी आतून हॉर्न वाजवला. तेवढंच हाताशी होतं. सडकेवर डॉक्टरांनी तिला आपल्या ट्रॅक्टरवर चढवून घेतलं. ती गुडघा धरून चाकावरच्या पत्र्यावर बसली. वळून बघितलं असावं. काचेवर धूळ होती.

केबिनमध्ये खरोखर काही ऐकू येत नाही. सेल्समन खोटं बोलला नव्हता.

१९ मार्च
डॉक्टर हिला बसमध्ये बसवून परत आले आणि मला काढलं. खरेदीच्या नियमांत एक तातडीचं कलम असतं, एका कोटेशनवर काम देण्याचं. सगळ्या नोकरीत मी ते एकदाही वापरलं नाही. काल वापरलं. काचेच्या फटीतून हाक मारली, डॉक्टर, ओढा. आधी करवतीने फांदी छाटली, मग मागून दोर. अक्कलदाढ, म्हणाले ते. टोमणा असेल तर सौम्य आहे.

एक दार ट्रॅक्टरबरोबर आलं नाही. ते उजव्या झाडाला आहे. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, पण माझा निदान ट्रॅक्टर परत आला.

मुलगी झाली. नात. दोघी छान आहेत. ही वेळेवर पोचली, दाराशी नर्स बाळ घेऊन उभीच होती म्हणे.

२१ मार्च
घर व्यवस्थित चालू आहे. टेबल मोकळं केलं, दोन ताटं मांडली, एक उचललं. दिवे लावून झोपतो. वायरिंग उत्तम आहे.

२२ मार्च
फोन केला. वाट अगदी मोकळी झाली, जुळ्या झाडांपाशीसुद्धा टेप लावून बघितली, तू कधीही ये, असं सांगितलं. पलीकडून बाळाचा आवाज. मग ही म्हणाली, वाट मोकळी झाली ना? मग तुम्हीच या की. ती काय एका बाजूनेच चालते?

हे मला सुचलंच नव्हतं. इतके दिवस मी हिचं जाणं आणि हिचं येणं एवढंच धरलं होतं. माझं जाणं कुठल्याच रकान्यात नव्हतं.

मोटारीने येतो म्हटलं, तर किल्ली हिच्या पर्समध्ये गेली आहे. हरकत नाही. उद्या सकाळची बस. संकल्प पक्का. नातीला बघायचं. काय बोलायचं तेही ठरलं आहे : चुकलं माझं. तेवढंच. पुढे पुरवणी नाही.

२३ मार्च
लवकर उठलो. दाढी केली. घरात बॅगा दोन, दोन्ही मध्यम. एकीला चाकं आहेत, पण एक चाक अडकतं. दुसरी खांद्यावरची, पण खांदा माझा. पलंगावर शेजारी-शेजारी ठेवल्या. दोन्हींत तेच कपडे भरून बघितले, उचलून बघितल्या, जरा चालून बघितलं. आता दोघी समान वाटतात.

सडकेवरून बसचा हॉर्न ऐकू आला. मग ती गेल्याचंही ऐकू आलं.

हिचा फोन आला. निघालात का, म्हणाली. मागे बाळ रडत होतं. निघालोच आहे, असं सांगितलं, आणि दोन्ही बॅगा पुन्हा रिकाम्या केल्या.