समोरचा ओव्हर म्हणेपर्यंत

मंगळवार, दिवेलागणीनंतर

जहाजाची सहल संपून आठवडा झाला, तरी वॉकीटॉकी माझ्या उशाशीच आहे. रोज चार्जही करते. कशासाठी, कोण जाणे.

समुद्रात फोनला रेंज नसते म्हणून प्रशांतनं दोन सेट आणले होते. एक माझ्याकडे, एक त्या दोघा नवरा-बायकोकडे. मला बजावलं होतं, "आई, समोरचा 'ओव्हर' म्हणेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. और जोर से नहीं, लोग देखते हैं."

मी डेकवर बसले होते आणि सेटचा हिरवा दिवा लागला. खाली केबिनमध्ये सूनबाई सेटवरच बसली असणार, बटण दाबलं गेलं. प्रशांतला सांगत होती, "आपल्या दोघांसाठी पुण्याचा फ्लॅट फायनल झाला, हे आईंना अभी मत बताना. बुरहानपूरला घरी गेल्यावर आरामात सांगू."

तिचं बटण दाबलेलं, मला बोलता येईना. पण सेट बंद करता आला असता की. शेजारच्या बाई बघायला लागल्या, तर मी काय केलं? आवाज कमी करून सेट कानाला लावला.

आल्यापासून दोघं फार गोड वागताहेत. आज प्रशांतनं शनवारा बाजारातून मावा जिलेबी आणली, समोर येऊन बसला. वाटलं, आता सांगतो. म्हणाला, "गरम आहे तोवर खा, आई."

खाल्ली. विचारावं का सरळ? तोंडाशी येतं आणि परत जातं. नियम त्यानंच शिकवलाय, आणि तो अजून 'ओव्हर' म्हणालेला नाही.