चकतीखालची कातडी

२ एप्रिल
आज नवीन चकती लावली. सगळे सेन्सर म्हणतात, मी चकतीच म्हणते. डाव्या दंडाच्या मागे. आधीच्या चकत्या दवाखान्यातल्या सिस्टरने लावल्या होत्या, ही माझी मी. आरशाकडे पाठ करून उभी राहिले, मान अवघडली, तरी जागा दिसेना. शेवटी चाचपून दाबली. खट्ट झालं. हे गेल्यापासून दंडाची ती बाजू कोणी पाहिलेली नाही.
मनूला पुण्यात तिच्या फोनवर माझ्या साखरेचा आकडा दिसतो. "आई, आला आकडा. झालं." फोन ठेवला.
हिवाळ्यात इन्सुलिन घेऊन जेवायला उशीर केला, साखर उतरली, स्वयंपाकघरात पडले. तेव्हाच माझ्या लेकीने ठरवलं. चकती असेल तर मी नागपुरात एकटी राहायचं. नसेल तर पुण्याला तिच्याकडे.

५ एप्रिल
खाज. ब्लाउजची बाही कोपरापर्यंत, तिचा काठ चकतीवरच घासतो. बाहीची शिवण उसवून सैल केली.
आकडे चांगले. म्हणून मनूचा फोन नाही.

८ एप्रिल
दुपारी कूलरसमोर डाव्या कुशीवर डोळा लागला. दारावर थापा. शेजारची कुंदा, हातात साखरेचा डबा.
"काय वं बाई, दार काहून नाई उघडून राहिली? मनूचा फोन आला मले. म्हणे आईची साखर पन्नासवर आली!"
बोट टोचून पाहिलं. एकशे बारा. चकती अंगाखाली दाबली गेली की आकडा खोटाच खाली जातो. सोबतच्या पत्रकात आहे हे. इंग्रजी पत्रक, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं होतं.
"मंग उजव्या कुशीवर झोपत जा ना."
उजव्या कुशीवर वळलं की समोर ह्यांची उशी येते. हे तिला नाही सांगितलं. चहा दिला. एक घोट घेऊन म्हणते, "हा चाय हाय का काढा?" आपल्याच डब्यातली साखर घालून प्यायली.

१३ एप्रिल
मुदतीआधीच काढली, सहन होईना. खाली लाल गोल, त्यावर बारीक फोड.
कुंदा: "अवं माय, हे तं भाजल्यासारखं झालं." खोबरेल तेलात हळद कालवून लावली. हळू हात फिरवत होती. मग म्हणते, "दुसऱ्या दंडालेही लावून ठेवते. आधीच लावलं तं खाजच येणार नाई."
मी नको म्हटलं नाही. अजून लाव, असंच वाटत होतं.

१५ एप्रिल
काल पुन्हा कुंदाकडून तेल. आज उजव्या दंडावर नवी चकती, डाव्या हाताने, वाकडी. वरवर पुसून लावली होती. तेल मुरलेलं, त्यात हा घाम. मेथी निवडताना सुटून ताटात पडली. आधी हसले. एकटीच किती हसणार.
कुंदाने कपाळावर हात मारला. "मायंच डोकं! तेलावर चिकटते का काही!"
मनू रागावली की नागपुरी होते. "आई, सिग्नल काहून नाही? सुटली म्हणजे काय? मी तिकीट काढू का तुझं?"

१७ एप्रिल
डॉ.कडे. गोंदाची ॲलर्जी. विचारलं, पोटावर लावू का? म्हणाले, तिथे परकराची नाडी काचेल, आणि तुमची चकती दंडासाठीच आहे, दुसरीकडच्या आकड्याची खात्री नाही. कातडी पूर्ण बरी होईपर्यंत काही लावू नका, बोट टोचा. मग दुसऱ्या गोंदाची देतो. तेल-हळद बंद.
मनूला फोनवर सांगितलं. म्हणाली, "ठीक आहे. बरी होईपर्यंतच. रोज सकाळी मी फोन करणार, आकडा तू सांगायचा. पुन्हा पडलीस तर पुणे. वाद नाही."

१८ एप्रिल
फोन आला. आकडा सांगितला. वाटलं, ठेवेल. "काल काय केलंस?" म्हणाली. तिला मेथीची गोष्ट सांगितली. खूप हसली. जेवताना आठवून मलाही हसू येत होतं.

२३ एप्रिल
रोज फोन. आज गोळाभाताला डाळ किती भरड दळायची ते विचारलं. मग आपणच म्हणाली, "बाबा वरून केवढं तेल ओतायचे गं." ह्यांच्याबद्दल आपणहून बोलली. बोलणं संपलं. फोन कोणीच ठेवला नाही.

२९ एप्रिल
नवी चकती आणून कपाटात ठेवली आहे.
दुपारी घाम सुटला, हात थरथरले. ऊन म्हणून सोडून दिलं असतं. बोट टोचलं, बासष्ट. साखर खाल्ली, भिंतीला टेकून बसले. चकती असती तर फोन आधीच वाजला असता. कुंदाला सांगितलं. मनूला नाही.

३ मे
सकाळीच कुंदा आली. मला खिडकीशी उभं करून दंड पाहिला. "साफ झाला वं. डागही नाई. लाव आता ते तुयं. त्या दिवशीसारखं झालं तं?"
तेवढ्यात मनूचा फोन. एकशे अठरा, सांगितलं. मग तिच्याकडचे आंबे, तिची गच्ची, ऑफिसातली भांडणं. कितीतरी वेळ बोलत होती. शेवटी म्हणाली, "आणि हात? बरा झाला ना? लावायची का नवी?"
कुंदा समोरच बसलेली.
"अजून जरा लाल आहे."
"बरं. उद्या करते मग फोन."
कुंदाने माझी बाही वर सरकवली, पुन्हा पाहिलं, खाली ओढून नीट केली.
"किती दिवस लाल ठेवशील वं?"
मी कूलरमध्ये पाणी भरायला उठले.