आबांची रिकामी पाकिटं

मंगळवार, संध्याकाळ. जुळे सोलापूर

आज कॉलेजात चीनमधल्या उइघुर लोकांवरचा शोधनिबंध शिकवला. औषधं पचवणारी यकृतातली एन्झाइम्स त्यांच्यात माणसागणिक कशी वेगळी असतात, म्हणून एकच गोळी एकाला लागू पडते, दुसऱ्याला नाही. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, आपल्या करमाळ्याकडच्या लोकांचं कुणी तपासलंय का?"

माझे वडील, आबा, करमाळ्याचे. मेंढरांमागं आयुष्य गेलं. हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यानंतर रक्त पातळ करायची गोळी सुरू होती, तरी दुसरा आला. दवाखान्यात सगळ्यांसमोर मी माझ्या बापाला झापलं, गोळ्या चुकवता म्हणून.

"रोज घेतो की गं. पाकिटं ठिवल्यात, दावतो तुला."

मी म्हणाले, राहू द्या.

ते वारल्यावर रक्ताचा रिपोर्ट आला. ती गोळी त्यांच्या अंगात कामच करत नव्हती. मी हेच शिकवते. मग मला एकदाही शंका का आली नाही?

आज घरी येऊन त्यांची पेटी उघडली. पाकिटं आहेत. लोकरीच्या दोऱ्यानं बांधलेली, महिन्यामहिन्याची वेगळी जुडी. एकेक खाच बोटानं चाचपली. एकही गोळी शिल्लक नाही.