पिल्लाला उपाशी न्यायचं होतं

आबा, आज सहावा दिवस आहे आणि मला आठव्याची भीती वाटते आहे. घरात कुणाला सांगायची सोय नाही. हे म्हणतील, एका कुत्र्यासाठी काय जीव टांगणीला लावून बसलीस. आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगावं तर त्यात माझीच एक भानगड आहे, तिच्यावर पुढं येते. म्हणून तुम्हाला लिहिते. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण या कामातलं तुमच्याइतकं कळणारं माझ्या ओळखीत दुसरं कुणी नाही. मी पडवीत बसले आहे. समोर गोधडीवर तो पडला आहे, आठ महिन्यांचा, पांढरा, एका डोळ्याभोवती काळा डाग. त्याचं नाव सांगत नाही, माणसाचं आहे, तुम्ही हसाल. त्याला खच्ची करून आणलं आहे. हो, तुमच्या लेकीनं.

तो आला तेव्हा ओंजळीत मावत होता. राहू गावात आमच्या घराच्या तिन्ही बाजूंनी ऊस आहे आणि उसात बिबट्या. तुमच्या वेळी आपल्या केंदूरला बिबट्या म्हणजे गोष्टीतला प्राणी होता. आता तो दिवेलागणीला बांधावर बसलेला दिसतो, आणि त्याला सगळ्यात सोपी शिकार कुत्र्याची. शेजारच्या वस्तीवरची दोन कुत्री गेली, मागं नुसती साखळी राहिली. म्हणून मी याला दिवस मावळायच्या आत घरात घेते. चार महिन्यांचा असताना लसीला नेला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "एक अंड अजून खाली उतरलेलं नाही, घाई नको. लसी पूर्ण होऊ द्या, अंग धरू द्या, मग करू." सहाव्या महिन्यात त्या म्हणाल्या, आता उतरलं आहे, कधीही आणा. आणि मग मीच पुढं ढकलत गेले. कधी पाहुणे, कधी ऊसतोड, कधी अमावास्या. आत्या एकदा वैतागून म्हणाल्या, "करायचं आसंल तर करून टाक, न्हाई तर सोडून दे. रोज काय मरायचं त्येच्यापायी?" सातवा महिना सरता सरता हा साखळी तोडून पळाला. कुठं तरी कुत्री माजावर आली होती. दीड दिवस आला नाही. मी उसाच्या कडेकडेनं हाका मारत फिरले, पण आत शिरायची हिंमत झाली नाही. आत काही सळसळलं की मीच मागं पळायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आपला आपण आला, कान फाटलेला, पोटापर्यंत चिखल. त्या दुपारी मी दवाखान्यात फोन केला.

इतके दिवस का थांबले, ते तुम्हाला कळलं असेल. मला तो खोंड आठवत होता.

मी नऊ वर्षांची आहे. गोठ्यापुढं आपला तांबडा खोंड पाय बांधून आडवा पाडलेला आहे, चार गडी त्याच्या अंगावर बसलेत आणि तुम्ही तो मोठा लोखंडी चिमटा घेऊन मागं वाकला आहात. त्याच्या आधी तुम्ही मला हाक मारून हातात गूळ-भाकरी दिली होती आणि त्याला चारायला लावली होती. त्यानं माझा हात चाटून पुसून साफ केला. मग तो जो हंबरला, तो आवाज मी अजून विसरलेले नाही. मी तुम्हाला कसाई म्हणाले. सगळ्या गड्यांसमोर. तुम्ही मारलं नाही. चिमटा धुऊन ठेवलात, जवळ आलात आणि जरबेनं म्हणालात, "ज्याला दुखवायचं, त्येला आधी आपल्या हातानं चारायचं. उपाशी जनावराला हात लावला की त्ये कवाच माफ करत न्हाई. ध्यानात ठेव." पंचक्रोशीतले लोक तुम्हाला बोलवायचे, तिथंही तुमचा हाच नेम. घरधन्यानं गूळ-भाकरी चारल्याशिवाय तुम्ही चिमट्याला हात घालत नव्हता. पुढं एका वर्षी तुम्ही खच्ची केलेला शेजाऱ्यांचा खोंड सुजला. तुम्ही रोज सकाळी जाऊन त्याला हळूहळू चालवायचात, गार पाणी मारायचात. आठव्या दिवशी त्यानं मान टाकली. तुम्ही त्यांच्या दारात उभे राहिलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "माझ्या हातनं झालं." त्यानंतर तुम्ही चिमटा धरलेला मी पाहिला नाही.

आता माझी भानगड. कासुर्डीच्या पुढं हायवेला दवाखाना आहे. बाईंनी फोनवर बजावलं होतं, आदल्या रात्रीपासून पोटात काही नको. मी व्हय व्हय म्हणाले. रात्री काही दिलं नाही. सकाळी मात्र तो चुलीपाशी येऊन बसला आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागला. मला तुमचं बोलणं आठवलं. म्हटलं, याला काही झालं तर निदान उपाशी तरी जायला नको. आत्या अंघोळीला गेल्या होत्या. अर्धी भाकरी कुस्करली, गुळाचा खडा घातला आणि हातानं चारली. आबा, मला वाटलं मी फार शहाणपणाचं काम करते आहे.

दवाखान्यात बाईंनी विचारलं, "रात्रीपासून काही दिलं नाही ना?" मी म्हणाले, नाही. पहिलं इंजेक्शन दिलं आणि पाच मिनिटांत तो टेबलावर भडाभडा ओकला. भाकरीचे तुकडे, गुळाचं पाणी. बाई थांबल्या. "ताई, हे काय? आत्ता ओकला म्हणून वाचला. पूर्ण भूल चढल्यावर ओकला असता तर सगळं फुफ्फुसात गेलं असतं. मग मी काय केलं असतं?" आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "सासूबाईंनी चारलं असेल. मला माहीत नव्हतं." इतक्या सहज निघालं की मलाच कळलं नाही. बाई म्हणाल्या, आज नको, चार दिवसांनी आणा.

ते चार दिवस मी कसे काढले, मला माहीत. दुसऱ्या खेपेला त्याला खरंच उपाशी नेलं. आत्या भाकरी थापत होत्या, वास घरभर, आणि मी त्याला ओढत बाहेर काढला. गाडीत तो माझ्या मांडीवर तोंड ठेवून बसला. तुमचा नेम मोडत होते, आणि मला दोन्हीकडून भीती वाटत होती. चारलं तर मरेल, नाही चारलं तर माफ करणार नाही. अर्ध्या तासात बाहेर आणला तेव्हा जीभ बाहेर, डोळे उघडे आणि त्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. कान गार पडले होते. बाई म्हणाल्या, "उबेत ठेवा, उभा राहीपर्यंत पाणी नको. जखम कोरडी ठेवा, चाटू देऊ नका, उड्या मारू देऊ नका." त्याच्या गळ्यात आता भोंग्यासारखी प्लास्टिकची कॉलर आहे. दारांना, पायऱ्यांना, माझ्या पोटऱ्यांना धडकत फिरतो. तिसऱ्या दिवशी जेवायला म्हणून कॉलर काढली तेवढ्यात त्यानं जखम चाटली. लाल झाली, सुजली. मी फोटो काढून पाठवला. बाई म्हणाल्या थोडी सूज असते, पू आला, वास आला, ताप आला तर लगेच आणा. तेव्हापासून मी तासातासाला खाली वाकून त्याच्या जखमेचा वास घेते. बघणाऱ्याला वेड लागल्यासारखं वाटेल. आत्या हळद कालवून घेऊन आल्या तर मी त्यांच्यावर ओरडले, हात लावू नका म्हणून. त्या वाटी घेऊन परत गेल्या.

हे पत्र मध्येच सोडलं होतं. आज अकरावा दिवस. आठवा गेला. त्या दिवशी मी कामावर गेलेच नाही, त्याच्या पोटावर हात ठेवून बसले. तो मात्र मस्त झोपला आणि उठून भाकरी मागितली. माझ्याच हातून खाल्ली.

सकाळी टाके काढायला नेलं. आत्या म्हणाल्या, मी बी येते. मला नको म्हणता येईना. टाके निघाले, बाईंनी जखम दाबून बघितली, उत्तम म्हणाल्या. आणि हात धुता धुता हसत आत्यांकडं वळून म्हणाल्या, "आजी, परत कधी ऑपरेशनच्या सकाळी जनावराला चारू नका बरं का. त्या दिवशी थोडक्यात बचावला." आत्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग पदर सावरत म्हणाल्या, "व्हय, चुकलं माझं. मुक्या जनावराला उपाशी बघवत न्हाई मला."

घरी येईपर्यंत त्या कुत्र्याला मांडीवर घेऊन गाडीच्या खिडकीबाहेर बघत होत्या. आता आत आहेत. भांड्यांचा आवाज येतो आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं. म्हटलं, आधी तुम्हाला सांगून बघावं, मग आत जाऊन त्यांना सांगणं सोपं जाईल. सोपं नाही गेलं, आबा. मी अजून पडवीतच बसले आहे.