विमानाला मारलेले तांब्याचे खिळे

बाबा, शाळेतलं विमान परवा पुन्हा रंगवलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हातात ब्रश घेतला की तुमच्याशी बोलणं आपोआप सुरू होतं. म्हणून म्हटलं, आज एकदा लिहूनच टाकू. मी आता निवृत्त आहे, गुडघे कुरकुरतात, शिडीवर चढू नका म्हणून शाळेतली नवी पोरंपोरी ओरडतात आणि मी चढते. हा हट्टीपणा कुणाकडून आला ते तुम्हाला सांगायला नको.

विमान आलं तेव्हा मला विज्ञान शिकवायला लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती. एकोणीसशे साठ साल जवळ आलं होतं. हवाई दलाने शिकाऊ वैमानिकांची जुनी विमानं मोडीत काढली होती आणि तिथे मेकॅनिक असलेल्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने खटपट करून त्यातलं एक शाळेला मिळवून दिलं. बाकीच्यांची वितळवून पातेली आणि डबे होणार होते. आपलं मुंबईहून गलबतावरून आलं, पंख वेगळे काढून काथ्याने बांधलेले. होड्या बांधणारे सुतार म्हणून ते उतरवायला आणि उभं करायला तुम्हालाच बोलावलं. सगळं बंदर तोंडात बोट घालून बघत होतं, आणि तुम्ही मात्र त्याच्या जखमा बघत होता. पुन्हा कुणी उडवू नये म्हणून हवाई दलाच्या डेपोतल्या लोकांनी पंखांवर आणि पोटावर कुऱ्हाडीचे घाव घातले होते. तुम्ही एकेका घावावरून हात फिरवलात आणि माझ्यावरच डाफरलात, जणू कुऱ्हाड मीच चालवली होती.

“मोडूचां तर नारळ ठेवन, सांगान मोडूचां. असां कोण तोडता गो?”

जुनी होडी मोडायची झाली तरी आधी तिच्यापुढे नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालणारे तुम्ही. विमान मैदानात उभं करण्याच्या दिवशीही तुम्ही तेच केलंत. घाटावरून आलेले आमचे हेडमास्तर टोपी सावरत उभे आहेत, मुलं रांगेत आहेत, आणि तुम्ही हात जोडून खड्या आवाजात म्हणताय, “बा देवा म्हाराजा, ह्यां यिमान आज आमच्या शाळेत इलां हा. लढायेचां असलां तरी आता आमच्या घरचां आसा. ह्येका खाऱ्या वाऱ्यापासून सांभाळ रे म्हाराजा!” मुलं ओरडली, “होय म्हाराजा!” हेडमास्तरही ओरडले, जरा उशिरा. मला हसू आवरेना आणि त्याच वेळी तुमचा इतका अभिमान वाटत होता की काय सांगू.

मग तुम्ही घाव बुजवायला घेतले. सागवानी घोडी केलीत, होडी जिच्यावर टेकवतात तशी, आणि प्रत्येक घावावर तांब्याची पट्टी बसवून तांब्याचे खिळे मारलेत. तेही साधे नव्हेत, तुमच्या वडिलांनी बांधलेलं गलबत मोडलं तेव्हाचे, जपून ठेवलेले. लोखंड गंजतं, तांबं दर्यात टिकतं, हे तुम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. येईल त्याला तुम्ही मैदानात नेऊन दाखवायचात, “आता ह्येका शंभर वर्सां मरण नाय.”

पुढचा पावसाळा संपल्यावर मी सहज पाहिलं तर प्रत्येक खिळ्याभोवती पांढरी भुकटी जमली होती. नखाने खरवडली, तर खालचा पत्रा पापडासारखा मोडला. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे विद्युत घट तयार होतो आणि त्यातला एक धातू झिजत जातो, हे मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत होते. इथे झिजत होतं ते विमानाचं अॅल्युमिनियम. तुमचे खिळे तसेच राहिले असते तर चार-पाच पावसाळ्यांत त्याचा चुरा झाला असता.

जेवताना मी विषय काढला. आई बांगड्याचं तिखलं वाढत होती. मी घट, धातू, झीज असं सगळं मास्तरणीच्या थाटात सांगितलं. तुम्ही शांतपणे काटा काढून बाजूला ठेवलात आणि म्हणालात, “तुझ्या पुस्तकाक कधी खारो वारो लागलो हा काय गो?” आईने पदर तोंडाला लावला.

मग तुम्ही देवळाच्या लाकूडकामासाठी आठ दिवस वालावलला गेलात आणि मी डाव साधला. हस्तव्यवसायाच्या मास्तरांना हाताशी धरून सगळ्या पट्ट्या, सगळे खिळे उपटले. ठिगळांसाठी विमानाच्याच जातीचा पत्रा हवा होता. आईची दोन अॅल्युमिनियमची पातेली मी कापली. न जाणो, ती पातेली याच विमानाच्या भावंडांची असतील! पातेल्यांच्या कानांना मारतात तसले रिबिट मारले, वरून रंग दिला आणि तुम्हाला कळू नये म्हणून खिळ्यांच्या जागी विटकरी रंगाचे ठिपके काढले. आज आठवलं तरी कान तापतात.

तुम्ही आलात ते घरी पिशवी टेकवून थेट मैदानात. ठिपक्यांवरून तळहात फिरवलात. लाकडातली केसाएवढी फट बोटांनी ओळखणारा माणूस! “रंग बरो लागलो,” एवढंच म्हणालात. त्यानंतर पाहुण्यांना विमान दाखवताना तुम्ही तांब्याचं नाव कधी काढलं नाहीत. पुढच्याच महिन्यात कुणी देवगडचे पाहुणे आले होते. त्यांना तुम्ही सांगत होता, “ह्येची काळजी आता माझां चेडू घेता. त्येका माझ्यापेक्षा जास्त कळता.” मी, तुमची लेक, वर्गाच्या खिडकीआड होते. बाहेर येऊन तुमचे पाय धरायला हवे होते. मी आत जाऊन वह्या तपासत बसले.

विमान अजून धडधाकट आहे, बाबा. मुलं त्याच्या पंखाखाली डबा खातात. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून राहिलेलं लिहिते. खिळे उपटताना माझी खात्री नव्हती. पुस्तकातलं खरं की तुमचं, ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून शेपटीखाली तुमचा एक खिळा मी मुद्दाम तसाच ठेवला. त्याच्याभोवतीचा पत्रा टिकला, म्हणजे माझंच चुकलं असेल, तर बाकीचे परत मारता यावेत म्हणून. माझं चुकलं नव्हतं. तिथे आता रुपयाएवढं भोक आहे, आणि कुणी विचारलं तर मी सांगते, ते डेपोतल्या कुऱ्हाडीचं.